आमच्या लेकीची ज्वारी

त्या वर्षी पाऊस झाला नाही, आणि मी मात्र पाण्यामुळेच पडले. शिरूरला आमच्या गल्लीत टँकर यायचा. रांग मोडून पुढे घुसलेल्या एका बाईला शाळेतल्या आवाजात दरडावायला म्हणून मी पुढे झाले, टँकरच्या नळीखाली झालेल्या चिखलात पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली होती. आमचे हे दवाखान्यात माझ्या उशाशी बसून म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, पण बोलायचं ते बोलून घेतलंच. डॉक्टरांनी सळई घातली आणि सांगितलं, दोन महिने पाय जमिनीला लावायचा नाही. माझ्या पायाचं मला एवढं काही वाटलं नाही. माझा जीव अडकला होता तो विमलमध्ये.

विमल निमोण्याची. मी तिथल्या शाळेत होते तेव्हा पहिलीत माझ्या हाताखाली आली. आई लहानपणीच गेलेली, बाप कुठे ते कुणालाच ठाऊक नाही, आजीनं वाढवलेली. नाक बसकं, केस पिंजारलेले आणि प्रश्न विचारून विचारून बाईंचं डोकं खाणारी. आजी गेल्यावर ती आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वसतिगृहात राहिली, सुट्टीत आमच्या घरी यायची, पुढे नर्सिंग शिकली. आणि एक दिवस उपासनेनंतर पाळकसाहेबांपुढे उभी राहून म्हणाली, मला आफ्रिकेत मिशनच्या दवाखान्यात सेवेला जायचंय. मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. निमोण्याच्या पलीकडे पुणं आणि पुण्याच्या पलीकडे मुंबई, एवढाच आमचा भूगोल. मी भूगोल शिकवला होता, पण मलाही मलावी नावाचा देश नकाशात शोधावा लागला.

पोरीला पाठवायचं तर खर्च कोण करणार, हा प्रश्न लगेच आला. तिकडचा दवाखाना तिला राहायला खोली देणार होता. बाकी तिचा निर्वाह तिला पाठवणाऱ्या मंडळीनं करायचा, असा त्यांचा रिवाज. त्यांना एकदाच मोठी देणगी नको होती. दर तिमाहीला, न चुकता, ठरलेली लहान रक्कम हवी होती. एकदा मोठं दान द्यायला आमच्या लोकांनी मागेपुढे पाहिलं नसतं. लग्नात, मयताला, सणाला आम्ही हात सैल सोडतो. पण न चुकता देणं आम्हांला जड. पंचकमिटीत एकजण म्हणाले, "आपलीच चूल धड पेटत न्हाई, आन् आपुन परदेशात पोरगी धाडतोय." ते काही खोटं बोलत नव्हते.

मला त्या वेळी दूध पावडर आठवली. आमच्या लहानपणी मिशनच्या शाळेत परदेशातून आलेल्या पावडरीचं दूध मिळायचं. कोमट, गुठळ्या झालेलं, आणि वास असा की नाक दाबून प्यावं लागे. मी एकदा ते गुपचूप कण्हेरीच्या झाडाला घातलं होतं. पण त्याच दुधावर आमची अख्खी पिढी उभी राहिली, हेही खरं. समुद्रापलीकडची कोण कुठली माणसं, त्यांनी महिन्यामागून महिने आपल्या पगारातून काढून ते पाठवलं असणार. त्यांनी आम्हांला कधी पाहिलं नाही. आता आपली पाळी आली, एवढंच माझ्या मनात आलं आणि मी कमिटीत उभी राहून तेवढंच बोलले. मग मूठ काढायचं ठरलं.

मूठ म्हणजे काय ते सांगते. बाई दळण काढायला किंवा भाकरीला बसली की घरच्या धान्यातली एक मूठ बाजूला डब्यात टाकते. ती प्रभूची. आमच्या आज्यांपासूनची ही रीत, मधल्या काळात मागे पडली होती. महिनाभराचं धान्य मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी गोळा करायची. शिरूरच्या घरांतलं आधी, मग दौंडची एसटी धरून वाटेत निमोण्याच्या फाट्यावर, न्हावऱ्यात, आमच्या बायका पिशव्या घेऊन उभ्या असत त्यांच्याकडून. ते पोतं दौंडला न्यायचं. दौंडची आमची मंडळी रेल्वेतली, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हातात पगार असलेली. रविवारी उपासना झाली की मनोरमाबाई, इंजिन ड्रायव्हरची बायको, चर्चच्या ओट्यावर तागडी घेऊन बसायच्या, आणि तिथल्या बायका बाजारापेक्षा चढ्या भावानं ते धान्य विकत घ्यायच्या. ज्वारीत बाजरी, बाजरीत गहू, कुठे मुगाचे चार दाणे. त्या मिसळीच्या भाकरीला चव कशी येणार, पण घराघरांत ती कौतुकानं खाल्ली जायची. असं खेड्यातलं धान्य आणि रेल्वेचा पगार मिळून विमलचा निर्वाह चालायचा. सहा-सात वर्षं चालला.

या सगळ्यात एक माणूस सुरुवातीपासून होता, पण तो यात आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. दौंडच्या गाडीवर बहुतेक शनिवारी कांबळे कंडक्टर असायचे. न्हावऱ्याचे राहणारे. शर्टाच्या खिशाला बाबासाहेबांचा छोटा बिल्ला. मी चढले की "जय भीम, बाई" म्हणायचे, मीही "जय भीम, कांबळे" म्हणायची. पहिल्याच फेरीत पोत्याचं लगेज काढताना त्यांनी विचारलं होतं, "काय हाय बाई यात?" मी म्हणाले होते, "आमच्या लेकीचं धान्य आहे." त्यानंतर ते दर खेपेला पोतं स्वतः टपावरून खाली उतरवून द्यायचे आणि विचारायचे, "लेक कशी हाय?" मी सांगायची, बरी आहे, पत्र आलं होतं, तिकडे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा खातात म्हणे, त्याला चवच नाही. कांबळे हळहळायचे. "घरच्या भाकरीची सर कशाला येती का?" एवढंच आमचं बोलणं. मी बसायची खिडकीपाशी आणि भीमेचा पूल आला की एक स्तोत्र मनात म्हणायची.

आणि आता मी पलंगावर. पहिला शनिवार आला आणि गेला. ह्यांना दमा, त्यांनी पोतं उचलायचा प्रश्नच नव्हता. तरुण मुलं होती मंडळीत, पण ती एमआयडीसीत शिफ्टला. ज्यांना सुट्टी होती ती टँकरच्या मागे. दुष्काळानं आधीच बायकांची मूठ चिमटीवर आलेली. कुणाला बोल लावायचा? एका संध्याकाळी पाळकसाहेब भेटायला आले. भले माणूस, वाईट बातमी सांगताना खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचे. त्या दिवशी ते तसे बसले तेव्हाच मी ओळखलं. म्हणाले, "बाई, तिमाही संपत आलीय. मागच्या वेळीही आपण उशीर केला होता. या वेळी गेलं नाही तर विमलची जागा ते दुसऱ्या कुणाला देतील. कमिटीचं म्हणणं आहे, तिला आपणच सन्मानानं परत बोलवावं." मी विचारलं, "आणि तिथल्या बायका?" त्या दवाखान्यात शंभर गावांच्या बायका बाळंतपणाला येत आणि विमल तिथली बाळंतपणं करायची, हे त्यांनाही माहीत होतं. प्रार्थना करून गेले.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी देवाशी भांडले. लोडशेडिंग होतं, पंखा बंद, पाठीला घामानं चादर चिकटलेली. हे बाहेरच्या खोलीत झोपले होते. मी मोठ्यानं नाही पण स्पष्ट बोलले. म्हटलं, प्रभू, तुझंच काम होतं ना हे? मग पाय माझाच कसा मोडला? शिरूरात इतके रिकामटेकडे पाय आहेत. पाऊस तूच रोखलास, मूठ तूच आटवलीस, आता पोरगीही परत आणतोस. मला राग होता आणि रागाच्या खाली भीती होती. भीती अशी की आपण उगाच केलं हे सगळं. कुठे शिरूर, कुठे मलावी, आणि मध्ये एक म्हातारी एसटीनं पोती वाहतेय. देवानं हे सांगितलं होतं की माझ्याच हट्टानं मी उभं केलं होतं? त्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. कुठलाही आवाज आला नाही. थोड्या वेळानं रडून दमल्यावर मी म्हणाले, बरं. ती तुझी आहे. तुला ठेवायची तर ठेव, आणायची तर आण. माझ्यानं होत नाही. हे काही मी श्रद्धेनं म्हटलं असं सांगून मोठेपणा घेणार नाही. हात टेकल्यावर माणूस जसं बोलतं तसं बोलले आणि झोपले.

मग पुढच्या आठवड्यात एका सकाळी दारात कांबळे उभे. खाकी गणवेशात, खांद्यावर पोतं. मला वाटलं, कुणाचं तरी चुकून इकडे आलं. त्यांनी पोतं पलंगाजवळ टेकवलं, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "काय बाई, आम्हांला कळवायचं न्हाई व्हय? फाट्यावर तुमची ती बाई पिशवी घेऊन उभी. मी म्हणलं, बाई कुठंयत? तवा समजलं पाय मोडला म्हणून."

ह्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. कांबळेंनी जे सांगितलं ते असं. फाट्यावरची पिशवी त्यांनी स्वतःच ठेवून घेतली. न्हावऱ्यात आमच्या दोघी उभ्या होत्या, त्यांचीही घेतली. मग त्यांना वाटलं, एवढ्यानं काय होतंय, दुष्काळात पिशव्या निम्म्या झाल्यात. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं. बायकोनं विहारात सांगितलं. विहारातल्या बायांनी मूठ मूठ टाकली. तिथून ते पाटलांच्या आळीत गेलं, दूध डेअरीवर गेलं. गाडीत तर कांबळे तिकीट फाडता फाडता सांगतच होते. "दौंडात कुणाला द्यायचं ते ठावं न्हाई, म्हणून परत घिऊन आलो. नाव सांगा, आज पोचवतो."

ह्यांनी पोत्याची दोरी सोडली आणि मी पलंगावरूनच हात घातला. ज्वारी होती, भरपूर, स्वच्छ निवडलेली. पण हाताला काहीतरी खरखरीत लागलं. बाहेर काढून पाहिलं तर कडुनिंबाचा वाळलेला पाला. आणखी खाली हात घातला तर बोटांना राख लागली.

"हा पाला नि राख कशाला?" मी विचारलं.

"कीड लागू नये म्हणून. आमच्या न्हावऱ्यात भागूआजी हायती, त्यांनी सांगितलं बायांना. दौंडातून रेल्वेनं मुंबईला जाणार, मग बोटीनं. दोन म्हैने तरी लागत्याल की पोचाया."

ह्यांच्या हातातला कप तसाच राहिला. मी कांबळेंकडे बघत होते. इतकी वर्षं मी धान्याचं पोतं रेल्वेच्या गावाला नेत होते, आणि लेक परदेशात होती. बिचाऱ्यांनी दोन्ही जोडून घेतलं होतं. आमच्या ज्वारीला त्यांनी थेट आफ्रिकेच्या बोटीत बसवलं होतं. मला हसू आवरेना आणि हसलं की खुब्यातून कळ येई. मी सांगणार होते की अहो, ते धान्य दौंडातच खातात. पण तेवढ्यात ते काळजीनं म्हणाले, "बाई, लेकीला कळवलंत का पाय मोडल्याचं? एकुलती एक हाय ना तुमची. जीव लागणार न्हाई तिचा तिकडं."

तेव्हा मला सगळं समजलं आणि हसू कुठल्या कुठे गेलं. मी म्हटलं होतं "आमच्या लेकीचं". माझ्या मनात आमची म्हणजे मंडळीची, आम्हां सगळ्यांची. पण आपल्या भाषेत बाई "आमचे हे" म्हणते तेव्हा ते काही अख्ख्या गल्लीचे नसतात. कांबळेंनी जे ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं. आम्हांला मूलबाळ नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्याचं फार वाटलं, मग शाळेत इतकी पोरं झाली की वाटेनासं झालं, किंवा वाटून घ्यायचं नाही अशी सवय झाली. आणि इकडे निमोणे ते दौंड या अख्ख्या रस्त्यावर लोकांनी मला एका लेकीची आई करून टाकलं होतं. पाय मोडलेल्या आईची लेक तिकडे उपाशी राहू नये म्हणून लोकांनी दुष्काळात मुठी दिल्या होत्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली. सांगायला हवं होतं. त्या दिवसांत मिशनच्या कामाबद्दल लोक काय काय बोलत, वर्तमानपत्रांत काय काय येई, ते मला माहीत होतं. गावोगावी संशय होता. ज्या माणसानं आईच्या मायेनं हे पोतं आणलं, त्याला कळलं की हे चर्चचं काम आहे, तर तो फसवल्यासारखा होईल. कदाचित पोतं उचलून नेईल. तसं झालं तर विमलचं परत येणं पक्कं. आणि न सांगितलं तर ते पोतं मी कुठल्या तोंडानं दौंडला पाठवणार होते? लोकांच्या मायेची चोरी करून देवाचं काम चालवणं मला जमलं नसतं.

म्हणून मी सांगितलं. सगळं सांगितलं. विमल माझ्या पोटची नाही, माझ्या शाळेतली. आमच्या मंडळीनं तिला मिशनच्या दवाखान्यात पाठवलंय. धान्य दौंडात विकतो आणि पैसे तिला जातात. ती तिकडे बाळंतपणं करते आणि प्रभूचं नाव सांगते, दोन्ही करते. "तुमच्या लोकांना हे माहीत नसताना त्यांनी दिलंय," मी म्हणाले. "ज्याचं त्याला परत द्या, कांबळे. मला राग येणार नाही."

कांबळेंनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. माझ्या मनात, खरं सांगते, प्रार्थना वगैरे काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पोरीला आई न्हाई?"

"नाही."

"आन् तुम्ही म्हणला आमची."

"आमची म्हणजे मंडळीची, कांबळे."

"मंग आमची बी व्हईल की," ते उठत म्हणाले. "मी सांगतो लोकास्नी हाय तसं. ज्याला न्यायचं त्यो निईल. गाडी सुटायची टाइम झाली, दौंडात कुणाला द्यायचं त्येवढं सांगा." मी मनोरमाबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि निघाले. चहा निम्मा तसाच राहिला होता.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते ह्यांना विचारा. दर गाडीच्या आवाजाला मी कान टवकारायची. मनोरमाबाईंनी एसटीडीवरून शेजारच्या दुकानात फोन करून कळवलं की पोतं पोचलं, दौंडच्या बायकांनी नेहमीपेक्षा जास्त भाव दिला, फक्त राख धुता धुता सगळ्यांचे हात काळे झाले आणि त्यात एवढं पाणी गेलं म्हणून एकदोघी कुरकुरल्या. तेवढ्यात ती तिमाही निघाली. पण एका तिमाहीनं काय होतंय? विमलला हवं होतं ते न चुकता येणारं. आता लोकांना खरं कळलं असणार. पुढच्या महिन्याच्या शनिवारी काय होईल, ते माझ्या हातात नव्हतं. मी मनात म्हणायची, सोपवलंय ना बाई तू, मग गप बस. आणि दोन मिनिटांनी पुन्हा खिडकीकडे बघायची.

पोतं आलं. पहिल्यापेक्षा हलकं होतं, पण आलं. कांबळेंनी खरंच सगळ्यांना सांगितलं होतं. पाटलांच्या आळीतल्या एका बाईनं सरळ सांगितलं, आमच्या देवाचं असतं तर दिलं असतं. त्यात तिचं काही चुकलं नाही. डेअरीवरच्या काही जणांनीही हात आखडता घेतला. बाकीच्यांनी चालू ठेवलं. विहारातल्या बायांनी तर डबाच वेगळा केला. एक जण कांबळेंना म्हणाली म्हणे, "बाळंतपण करती ना पोरगी? मंग बाळंतिणीला कसला आलाय धर्म." आणि भागूआजींचा काही केल्या विश्वास बसला नाही की धान्य बोटीत बसत नाही. लोकांनी समजावलं, कांबळेंनी समजावलं. त्या म्हणायच्या, "तुम्हांला काय ठावं." त्यांच्या वाट्याच्या ज्वारीत शेवटपर्यंत कडुनिंबाचा पाला यायचा. दौंडला मनोरमाबाई तो वेचून ठेवायच्या आणि स्वतःच्या गव्हात घालायच्या.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. माझा पाय बरा झाला, थोडी लंगड राहिली. पण शनिवारची फेरी पुन्हा माझ्याकडे आली नाही. कांबळेंची ड्यूटी बदलली तर ते दुसऱ्या कंडक्टरला सांगून ठेवायचे. आमच्या मंडळीतली तरुण मुलंही, एका परक्या माणसाला पोतं उचलताना पाहून, हळूहळू पुढे आली. मी घरी बसून चौकशा करायची आणि सगळ्यांना सूचना द्यायची, त्या कुणी फारशा ऐकायचं नाही. विमलच्या पत्रांतून कळायचं की तिकडेही तेव्हा मोठा दुष्काळ पडला होता, मका संपला होता, लोक मुळं उकडून खात होते, आणि दवाखान्यात अर्ध्या रात्रीही खाटा रिकाम्या नसायच्या. अशा वेळी तिला परत यावं लागलं नाही. त्या काळात तिच्या हातून सुखरूप सुटलेल्या बायकांची गणती मी कधी विचारली नाही. ती तिची आणि देवाची गोष्ट आहे.

विमल रजेवर आली ती त्यानंतर तीनेक वर्षांनी. रापलेली, बारीक झालेली, हातात सतत काहीतरी काम हवं असलेली. आल्यावर दोनच दिवसांनी म्हणाली, "बाई, मला त्या गाडीनं दौंडला जायचंय." मी काठी घेऊन तिच्याबरोबर निघाले. गाडीवर कांबळेच होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी विमलला पाहिलं, तिकीट फाडलं, पैसे मोजून घेतले, सरकारी कामात ते कुणाची भीड ठेवत नसत. मग म्हणाले, "पुढं बसा, न्हावऱ्यात तुम्हांला बघाया येणारेत लोक." विमल लाजली. माझ्या शेजारी खिडकीत बसून ती बाहेरचा ऊस बघत राहिली. लहानपणी शाळेच्या सहलीला बसायची तशीच, कपाळ काचेला टेकवून.

न्हावऱ्यात गाडी थांबली आणि चार-पाच बाया वर चढल्या. कुणाच्या हातात भुईमुगाच्या शेंगा, कुणी नुसतंच बघायला आलेलं. त्यांच्या मागून नातीचा हात धरून एक वाकलेली म्हातारी चढली. कांबळे म्हणाले, "ह्या भागूआजी." मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे दुधाळ झालेले. त्यांनी चाचपडत विमलचा चेहरा हातांत घेतला, गालांवरून, कपाळावरून, नाकावरून बोटं फिरवली, आणि मागे वळून सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आईवर गेली गं बाई. नाक बघा, डिट्टो बाईंचं."

माझं नाक लांब आणि पोपटासारखं. शाळेत पोरं माझ्या माघारी काय म्हणायची ते मला पक्कं माहीत आहे. विमलचं नाक बसकं. असं साम्य डोळे असलेल्या कुणालाही दिसलं नसतं. मी बोलायला तोंड उघडलं. त्या दुष्काळात एवढ्या कष्टानं सगळ्यांना खरं सांगायला लावलं होतं, ते पुन्हा एकदा सांगावं म्हणून. कांबळे दाराजवळ उभे राहून, घंटीच्या दोरीला हात लावून माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात विमलनं भागूआजींचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "व्हय आजी. समदे तसंच म्हणत्यात."

मी तोंड मिटलं. कांबळेंनी घंटी मारली. माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसले नाहीत, गाडीभर माणसं बघत होती तरी. त्या लोडशेडिंगच्या दुपारी मी देवाला म्हटलं होतं, ती तुझी आहे, घे. त्यानं घेतली, तिकडे ठेवली, आणि मला न विचारता, एका कंडक्टरच्या ऐकण्यातून, एका आंधळ्या म्हातारीच्या बोटांतून, माझी करून दिली. मी तर एवढं मागितलंही नव्हतं. भीमेचा पूल आला तेव्हा मला स्तोत्राचे शब्द आठवेनात. विमल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, आणि तिला धक्का बसू नये म्हणून मी दौंड येईपर्यंत हललेच नाही.